दाभण, डोप आणि शिक्का

गिरणी बंद पडली की पुढे तिचं काय होतं, हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. जळगावच्या खान्देश मिलच्या जागेवर व्यापारी संकुल उभं राहिलं. अमळनेरच्या प्रताप मिलचा भोंगा थांबला तो थांबलाच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लॉक हेवन गावच्या एका बंद रेशीम गिरणीच्या नशिबी मात्र निराळंच काही आलं. 1937 च्या मार्च महिन्यात विल्यम पायपर यांचा ब्रॅडफर्ड इथला विमानांचा कारखाना आगीत भस्मसात झाला. पायपरना नवी जागा लगोलग हवी होती, ऐसपैस हवी होती आणि परवडणारी हवी होती. त्यांनी ही रेशीम गिरणी घेतली आणि जिथे माग खडखडत होते त्या दालनांत विमानं बांधायला सुरुवात केली.

यात फारसं नवल नाही, कारण पायपरचं ‘कब’ हे विमान कापडाचंच होतं. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, पंखांत हलक्या फासळ्या आणि वरून शेपटापर्यंत ताणून बसवलेलं सुती कापड, त्यावर पिवळा रंग. 1938 ते 1947 या काळात अशी जवळपास वीस हजार विमानं तयार झाली. हा आकडा ऐकला की फोर्डच्या मोटारींसारखा सरकता पट्टा आणि त्याच्या कडेला धडधडणारी अवजड यंत्रं डोळ्यांपुढे येतात. तशी यंत्रं तिथे थोडीच होती. माणसं शिवत होती, वेल्डिंग करत होती, गाठी मारत होती, ब्रश फिरवत होती. जुन्या हलक्या विमानांचा कारखाना म्हणजे बऱ्याच अंशी सुतारशाळा, शिंप्याचं दुकान आणि लोहाराचा भाता एका छपराखाली, असा प्रकार होता.

मग प्रश्न उभा राहतो तो विश्वासाचा. खुर्चीचा सांधा निखळला तर माणूस दाणकन आपटतो, फार तर कंबर धरून बसतो. दोन हजार फुटांवर सांधा निखळला तर? हाताने केलेल्या कामाच्या भरवशावर हजारो माणसं आकाशात गेली आणि बहुतेक सुखरूप उतरली, ती कशाच्या जोरावर? कारागिराचं कौशल्य हे त्याचं अर्धंच उत्तर आहे.

या धंद्याची सुरुवात घरगुतीच होती. इंग्लंडमध्ये जेफ्री डी हॅविलंड या तरुण अभियंत्याने 1909 साली आपलं पहिलं विमान बांधलं तेव्हा पंखांचं कापड त्याच्या बायकोने, लुईझने, शिवून दिलं. ते विमान पहिल्याच उड्डाणात कोसळलं. जेफ्री बचावला आणि त्याने दुसरं बांधलं. सोळा वर्षांनी, फेब्रुवारी 1925 मध्ये, याच माणसाच्या कंपनीचं ‘मॉथ’ हे दोन आसनी विमान उडालं आणि विमान ही हौशी माणसाच्या आवाक्यातली वस्तू झाली. डी हॅविलंडला पतंगांचा आणि फुलपाखरांचा शौक होता, त्यामुळे पुढची सगळी भावंडंही मॉथच: जिप्सी मॉथ, पस मॉथ, टायगर मॉथ, लेपर्ड मॉथ. पहिल्या मॉथचं इंजिन तर निव्वळ काटकसरीतून जन्मलं. महायुद्धातून उरलेली आठ सिलिंडरची रेनॉ इंजिनं स्वस्तात मिळत होती. फ्रँक हालफर्ड या अभियंत्याने त्यांचे भाग वापरून चार सिलिंडरचं, म्हणजे जवळजवळ अर्धं, इंजिन जुळवलं.

मॉथचा कारखाना लंडनच्या उत्तरेला स्टॅग लेन इथे होता. तिथे पुरुष लाकूडकाम आणि जोडणी करत, कापड शिवायच्या विभागात बहुतेक बायका. पहिल्या मॉथचं धड म्हणजे लाकडी पट्ट्यांवर प्लायवूड ठोकून केलेली पेटी. पस मॉथमध्ये धडाला पोलादी नळ्या आल्या. त्यानंतर 1933 च्या लेपर्ड मॉथमध्ये कंपनी पुन्हा प्लायवूडकडे वळली, कारण ते हलकं पडत होतं. लाकूड मागासलेलं आणि धातू पुढारलेला, असा सरळसोट इतिहास सांगायची आपल्याला सवय असते. प्रत्यक्षात त्या कारखान्यांत अडाखा वजनाचा आणि पैशांचा होता.

हे मॉथ आपल्याकडेही लवकरच पोहोचले. 1928 साली बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी ते कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल घेऊन आले ते पस मॉथमधून. त्या उड्डाणाच्या पन्नासाव्या वर्षी, 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी त्यांनी तोच मार्ग पुन्हा केला, तेव्हा त्यांच्या हाताखाली लेपर्ड मॉथ होतं, म्हणजे प्लायवूडचं आणि कापडाचं विमान.

आता त्या कारखान्यात जरा आत शिरू.

पहिला मान लाकडाचा. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा जो मुख्य वासा, त्याला स्पार म्हणतात. सगळा भार त्याच्यावर. त्यासाठी अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर वाढणारं सिटका स्प्रूस वापरत. वजनाच्या मानाने इतकं बळकट लाकूड क्वचितच मिळतं. फळी निवडताना सुतार तिचे रेषे बघायचा. रेषा पंधरा इंचांत एक इंचापेक्षा जास्त तिरकी जात असेल तर फळी बाद. गाठ असेल तर बाद, राळेची पोकळी असेल तर बाद. घर बांधताना जे लाकूड आपण उत्तम म्हणून घेऊ, त्यातलं बरंचसं इथे कचऱ्यात जायचं.

फासळ्या त्याहून नाजूक. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या लाकडी पट्ट्या वाफवून वाकवायच्या, साच्यातल्या ठोकळ्यांमध्ये अडकवायच्या आणि प्रत्येक सांध्यावर प्लायवूडचा इवलासा तुकडा सरस लावून बारीक चुकांनी ठोकायचा. चुका फक्त सरस वाळेपर्यंत तुकडा दाबून धरण्यापुरत्या. खरी ताकद सरसाची. हा सरस दुधाचा असे. दूध फाडून काढलेलं केसीन, त्यात चुना आणि क्षार. पाण्यात कालवलं की काही तासांत संपवायचं, नाहीतर ते घट्ट होऊन वाया जातं. त्याचं वैगुण्य आपल्या हवेत लगेच कळलं असतं: सतत ओल लागली की त्याला बुरशी धरते. पुढे कृत्रिम राळेचे सरस आले आणि ही डोकेदुखी गेली.

धड नळ्यांचं असेल तर काम वेल्डरकडे. एका सांध्यात कधी चार, कधी सहा नळ्या येऊन मिळतात. प्रत्येक नळीचं तोंड दुसरीच्या गोलाईवर चपखल बसेल असं माशाच्या जबड्यासारखं कापायचं, सगळा सांगाडा साच्यात आवळायचा आणि ॲसिटिलीनच्या ज्योतीने जोडत जायचं. नळीचा पत्रा मिलिमीटरभराचा. ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली तर भोक पडणार, कमी पडली तर सांधा वरवरचा राहणार. शिवाय एक बाजू तापली की सांगाडा ओढला जातो, म्हणून आधी इथे थोडं, मग समोरच्या बाजूला थोडं, असा क्रम ठरलेला. जोडून झालं की नळ्यांना बारीक छिद्र पाडून आत गरम जवसाचं तेल फिरवायचे आणि छिद्र बंद करायचे. आतून गंज चढू नये म्हणून.

या जवसापाशी थोडं थांबायला हरकत नाही. खान्देशात जवस म्हणजे चटणी. युरोपात याच झाडाच्या खोडातून तागासारखा धागा काढतात, त्याचं कापड म्हणजे लिनन. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानांवर आयर्लंडचं लिनन ताणलेलं असे. नळ्यांच्या आत तेल आणि पंखांवर कापड, दोन्ही एकाच झाडाचं.

लिनन महाग आणि तुटवड्याचं, म्हणून अमेरिकेत सुती कापड पुढे आलं. ते साधं मांजरपाट नव्हे. लांब धाग्याच्या पिंजून विंचरलेल्या कापसाचं, मर्सराइझ केलेलं, इंचाला 80 ते 84 धागे असलेलं कापड. त्याची एक इंच रुंद पट्टी कापून ताणली तर तिने 80 पौंड, म्हणजे सुमारे 36 किलो, पेलले पाहिजेत. ऊन-पाऊस खाऊन ही ताकद 56 पौंडांच्या खाली उतरली की सगळं कापड उतरवून नवं चढवायचं. इथे खान्देशी वाचकाच्या मनात येईल ते माझ्याही मनात आलं: आपल्या भागात एवढा कापूस, एवढ्या गिरण्या, मग विमानाचं कापड इथे का नाही? उत्तर रोखठोक आहे. खान्देशचा जुना देशी कापूस आखूड धाग्याचा. त्यातून जाडंभरडं, टिकाऊ कापड उत्तम व्हायचं, धोतरं-चादरी व्हायच्या. इंचाला ऐंशी धाग्यांचं हे कापड मागतं तो लांब आणि बारीक धागा त्याच्यात नव्हता.

कापड शिवून त्याचा अभ्रा करायचा आणि पंखावर चढवायचा. पण नुसतं चढवून भागत नाही. पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे उडताना कापड वर ओढलं जातं, फासळीपासून सुटू बघतं. पंख उचलतो तोच मुळी या ओढीमुळे. म्हणून कापड प्रत्येक फासळीला शिवून टाकावं लागतं, आणि या कामाइतकं देखणं काम त्या कारखान्यात दुसरं नसेल.

पंख घोडीवर उभा करतात, म्हणजे त्याची पुढची कड जमिनीकडे. एक बाई या बाजूला, दुसरी त्या बाजूला. हातात लांब सुई, धान्याची पोती शिवायच्या दाभणासारखी, पण सरळ आणि जवळपास फूटभर लांब. दोरा लिननचा, मेणात घोळलेला. अलीकडची बाई फासळीला लागून सुई कापडातून आरपार घालते. पलीकडची ती ओढून घेते, फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत अलीकडे पाठवते. फासळीला दोऱ्याचा वेढा बसला की तो आवळायचा आणि न सरकणारी गाठ मारायची. मग साधारण अडीच इंच पुढे जाऊन पुन्हा तेच. प्रोपेलरच्या पंख्याचा झोत जिथे सरळ येऊन आदळतो त्या धडाजवळच्या भागात टाके आणखी जवळजवळ. समजा फासळी पाच फुटांची, तर तिच्यावर चोवीस गाठी. अशा दोन्ही पंखांत मिळून चोवीस फासळ्या धरल्या तर पावणेसहाशे गाठी. दोरा तुटला तरी पुढची गाठ सुटता कामा नये, म्हणून प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे पक्की. शेवटी टाक्यांवरून कापडाची पट्टी चिकटवायची. पट्टीच्या कडा नागमोडी कातरलेल्या असतात. सरळ कड एका ठिकाणी सुटली की सोलत जाते, नागमोडी कडेला वारा चटकन धरू शकत नाही आणि धागेही निघत नाहीत.

एवढं होऊनही कापड सैलच असतं. त्याला ताण आणतं ते डोप. सेल्युलोज विरघळवलेलं हे पातळ, उग्र वासाचं रसायन. पहिले हात ब्रशने, कापडात मुरतील असे रगडून द्यायचे. वाळताना ते आक्रसतं आणि कापड असं ताणलं जातं की टिचकी मारली तर टणकन वाजावं. मग ॲल्युमिनियमची भुकटी घातलेले रुपेरी हात. ते शोभेसाठी नव्हेत. सूर्याच्या अतिनील किरणांनी सुती धागा कुजतो, भुकटी ते किरण अडवते. सगळ्यात शेवटी रंग. दोन हातांच्या मधे घासकागद मारायचा, पण टाक्यांवरून जपून, नाहीतर दोरा कापला जायचा. डोपचं हवेशी फार बिनसतं. हवा दमट असेल तर थरावर पांढुरकी झाक येते आणि ताकद जाते, म्हणून ही खोली उबदार आणि कोरडी ठेवत. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात मुंबईला हे काम म्हणजे छळच. धुळ्याच्या कोरड्या हवेत त्यामानाने सोपं झालं असतं.

डोपची एक काळी बाजू सांगायला हवी, कारण कारागिरीच्या गोडव्यात ती हमखास विसरली जाते. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये डोपसाठी टेट्राक्लोरोइथेन हे द्रावक वापरत. बंद खोलीत दिवसभर त्याच्या वाफेत उभ्या राहणाऱ्या कामगारांना, त्यात बायका पुष्कळ, कावीळ होऊ लागली. यकृत निकामी होऊन काही जण दगावले. त्यानंतर ते द्रावक बंद करायला लावलं गेलं.

आणि राहिली जोडणी. दोन मजली पंखांचं टायगर मॉथ घ्या. वरच्या आणि खालच्या पंखांमध्ये पोलादी तारा. एक तार आवळली की दुसरी सैल होते, पंखाचा कोन बदलतो. रिगर नावाचा कारागीर गवंड्याचा ओळंबा, पाणसळ आणि कोनमापक घेऊन दिवस दिवस यात घालवायचा. सुकाणूच्या दोरखंडांची टोकंही हातानेच गुंफलेली. वळणाच्या तारा सोडवून एकेक पेड मूळ दोरात ओवत न्यायचा, वर सुतळी गुंडाळायची. मग तो दोरखंड ताण देणाऱ्या यंत्रावर चढवून, तुटण्याच्या मर्यादेच्या निम्म्या ताणाला टिकतो का ते बघायचं.

हे सगळं यंत्राने का नाही केलं? कारण साधं आहे. पत्र्याचे भाग दाबून काढायचे तर पोलादी ठसे करावे लागतात. त्यांचा खर्च हजारो नग विकले गेले तरच निघतो. वर्षाला शे-दोनशे विमानं विकणाऱ्या कारखान्याला लाकडी साचा, रंधा आणि सुई परवडत होती. नक्षा बदलायचा तर साच्यातले ठोकळे हलवले की झालं. युद्धात याचा फार मोठा फायदा झाला. टायगर मॉथचं काम ऑक्सफर्डजवळच्या मॉरिस मोटार कारखान्याकडे देता आलं आणि लाकडी ‘मॉस्किटो’ विमानाचे भाग तर इंग्लंडातले फर्निचरवाले बनवत होते. टायगर मॉथ सगळी मिळून साडेआठ हजारांवर झाली.

पण हात कितीही कसबी असला तरी तो गणिताची जागा घेत नाही. 1930 नंतर पस मॉथ विमानांचे पंख हवेत तुटून अनेक अपघात झाले. ऑस्ट्रेलियाचा नामवंत वैमानिक बर्ट हिंकलर 1933 च्या जानेवारीत इटलीत पस मॉथ कोसळूनच गेला. शिवण उसवली नव्हती की वेल्डिंग सुटलं नव्हतं. ठराविक वेगाला आणि खळबळत्या हवेत पंख स्वतःच फडफडू लागत आणि ती फडफड वाढत वाढत पंख मोडे. चौकशीअंती पंखांच्या आधारात आणि सुकाणूंच्या समतोलात बदल केले गेले. हे दुखणं कारागिराच्या नजरेला दिसणारं नव्हतं. त्याला वायुगतिकी लागते.

वायुगतिकी शिकलेला आपला माणूस कोल्हापूर जिल्ह्यातला. विष्णु माधव घाटगे यांचा जन्म 1908 सालचा, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावचा. ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि आधुनिक वायुगतिकीचे जनक मानले जाणारे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. मराठी माणूस आणि विमान म्हटलं की आपण लगेच शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव घेतो. चौपाटीवर त्यांचं विमान उडाल्याचा भरवशाचा पुरावा नाही, आणि ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली विमानं उडूच शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्येच दाखवून दिलं आहे. घाटग्यांची विमानं मात्र शेकड्यांनी उडाली, तरी त्यांचं नाव कुणाच्या तोंडी नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

घाटगे जिथे काम करत तो कारखानाही एका मराठी मुलखातल्या उद्योजकाचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केला. युद्धाच्या धामधुमीत सरकारने तो ताब्यात घेतला. सुट्या भागांतून परदेशी विमानं जोडणं, मोडकी दुरुस्त करणं, हे तिथलं सुरुवातीचं काम. हा रियाज फुकट गेला नाही. युद्धानंतर कानपूरला मोडीत टाकलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमानं इथल्या कामगारांनी पुन्हा उडती केली आणि जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने ती बंगळूरला उडवत नेली.

मग ऑगस्ट 1951 मध्ये उडालं एचटी-2, घाटग्यांच्या चमूने आखलेलं शिकाऊ विमान. सगळं धातूचं. चाचणी वैमानिक पुन्हा मुन्शीच. अशी पावणेदोनशेच्या आसपास विमानं झाली आणि हवाई दलाच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. 28 सप्टेंबर 1958 रोजी उडालेलं ‘पुष्पक’ हे मात्र आपल्या विषयाच्या अधिक जवळचं. अमेरिकेतल्या एरोन्का चीफ या विमानावर बेतलेलं, शेजारी-शेजारी दोन आसनांचं, डोक्यावर पंख असलेलं, 90 अश्वशक्तीच्या कॉन्टिनेंटल इंजिनचं. रिकाम्या विमानाचं वजन चारशे किलोंच्या आत. नळ्यांचा सांगाडा आणि वरून कापड. अशी दीडशेच्या आसपास बांधली गेली आणि देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत गेली. जेट विमानांच्या काळात सरकारी कारखान्यात कापडाचं विमान, हे कुणाला हास्यास्पद वाटेल. पण क्लबाला हवं होतं ते असंच, कमी पेट्रोल पिणारं आणि गावातल्या शेडमध्ये दुरुस्त होणारं.

आता विश्वासाच्या प्रश्नाकडे येतो. विमान बांधताना प्रत्येक टप्पा आधीचा टप्पा झाकून टाकतो. सरसाचा सांधा प्लायवूडखाली जातो, फासळी कापडाखाली, टाका पट्टीखाली, पट्टी रंगाखाली. तयार विमानाकडे बघून आतलं काम चांगलं की वाईट हे भल्याभल्यांना सांगता यायचं नाही. म्हणून नियम असा की झाकण्याआधी तपासनिसाने बघायचं आणि आपल्या क्रमांकाचा शिक्का मारायचा. त्याशिवाय पुढचा माणूस हात लावणार नाही. सरस कालवला की त्याच घाण्यातून लाकडाचे दोन तुकडे चिकटवून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी ते मोडून बघायचे. लाकूड फाटलं आणि सांधा टिकला तर घाणा पास. सांध्यावरच सुटलं तर त्या घाण्याने चिकटवलेलं सगळं बाद, मग त्यात कुणाची आठवड्याची मेहनत का असेना. वेल्डरलाही ठराविक मुदतीने नमुन्याचा सांधा करून द्यावा लागे, तो आडवा कापून बघत. ब्रिटनमध्ये या तपासणीसाठी सरकारी खातंच होतं. आपल्याकडे 1934 चा विमान कायदा आणि 1937 चे विमान नियम आले. विमानाला हात लावणाऱ्याकडे परवाना हवा आणि केलेल्या कामाखाली त्याची सही हवी, हा दंडक त्यातूनच रुजला.

आपल्या गल्लोगल्लीच्या वर्कशॉपांत कसबाला तोटा नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटयांची आणि पाइपांची यंत्रं दुरुस्त करणारे फिटर, धुळ्यात यंत्रमागाचा तुटलेला भाग तासाभरात घडवून देणारे टर्नर बघितले की याची खात्री पटते. नसते ती ही शिक्क्याची शिस्त. ‘साहेब, काही होत नाही’ हे वाक्य वर्कशॉपात दिवसातून दहादा ऐकू येतं. विमानाच्या शेडमध्ये ते उच्चारायचीही सोय नाही.

खान्देशात आज विमानं रोज उडतात. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं. शिरपूरजवळ तांडे इथे वैमानिक घडवणारी अकादमी आहे. जळगावच्या विमानतळावरही शिकाऊ वैमानिक घिरट्या घालतात. पाऊस बेताचा, आकाश बहुतेक मोकळं आणि मुंबईसारखी विमानांची दाटी नाही, त्यामुळे शिकण्याला हा मुलूख सोयीचा. ही विमानं बहुतांशी परदेशी बनावटीची.

गोंदूरला एक अपवाद मात्र उतरला होता, तोही मुंबईच्या एका गच्चीवरून आलेला. कॅप्टन अमोल यादव या व्यावसायिक वैमानिकाने कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. स्वतः बांधलेल्या विमानाची नोंदणी कोणत्या नियमाखाली करायची यावर बरीच ओढाताण होऊन नोव्हेंबर 2017 मध्ये त्याला नोंदणी मिळाली. आणि 2020 मध्ये त्याची चाचणी उड्डाणं झाली ती धुळ्यात. वर्तमानपत्रांनी गच्चीचं कौतुक केलं, ते साहजिक होतं. मला महत्त्वाची वाटते ती मधली वर्षं, विमान तयार असून कागदांवर अडलेली. त्यात सरकारी दिरंगाईचा वाटा होता. पण घरी बांधलेल्या विमानाच्या आत काय झाकलं गेलंय हे टप्प्याटप्प्याने तपासून शिक्का मारणारी यंत्रणाच आपल्याकडे रुळलेली नव्हती, हेही तितकंच खरं.

कापडाची विमानं अजून संपलेली नाहीत. जगभर जुनी कब आणि टायगर मॉथ उडतात. सुताऐवजी आता पॉलिएस्टरचं कापड चढवतात आणि ते डोपने नव्हे तर इस्त्री फिरवून ताणतात. फासळीला मारायची गाठ तीच आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने बनवलेलं ‘हंसा’ हे दोन आसनी विमान तंतू आणि राळेचं. म्हणजे धागा तिथेही आहेच, फक्त तो आता साच्यावर अंथरून राळेत पक्का करतात.

तेव्हा खान्देशात विमानाचा कारखाना काढा, अशी मागणी पुढाऱ्यांनी निवडणुकीआधी केली तर टाळ्या वाजवण्याआधी एक गोष्ट मागून घ्यावी. गोंदूर, तांडे आणि जळगाव या तिन्ही ठिकाणच्या विमानांची मोठी दुरुस्ती इथेच होईल अशी एक शेड, आणि तिथे परवानाधारक अभियंत्यांच्या हाताखाली आयटीआयमधून वेल्डिंग, शिवणकाम, फिटिंग शिकून निघालेल्या मुलामुलींना उमेदवारी. बंगळूरनेही आधी मोडकी विमानं दुरुस्त केली, एचटी-2 त्यानंतर दहा वर्षांनी उडालं.